गुडघा बदलल्यावर दीड महिन्यात कामावर जाता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वय ५६, बँकेत काउंटरवर बसायचं काम, डोंबिवलीहून लोकलने जाणं-येणं, पुढच्या महिन्यात उजवा गुडघा बदलायचाय. दीड महिन्याची रजा पुरेल का? माझा डावा गुडघा ५८व्या वर्षी बदलला. मीही ठाण्याहून सीएसएमटीला जाऊन हिशेबाच्या टेबलावर बसणारा, म्हणून मनापासून सांगतो.

बसून काम करणं दीड महिन्यात जमतं. बैठ्या कामाला डॉक्टर साधारण ४ ते ६ आठवडे सांगतात, ते बरोबरच आहे. पण खुर्चीपर्यंत पोचायचं कसं, हे त्या हिशेबात धरलेलं नसतं. मी सहा आठवड्यांनी रुजू झालो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा रजा टाकली. टेबलावरचं काम व्यवस्थित चाललं होतं. संध्याकाळी स्टेशनच्या पुलावर मात्र मी एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने काठी धरून एकेक पायरी उतरतोय आणि मागून गाडी पकडणाऱ्यांचा लोंढा येतोय! घरी पोचलो तेव्हा गुडघा इतका सुजला होता की पँट वर सरकेना. नववा आठवडा लागल्यावर परत गेलो, तेव्हा निभावलं. म्हणून तुम्ही दोन महिने धरा.

त्याआधी एकदा दुपारी १२ च्या सुमाराला मुलाला सोबत घेऊन घर ते ऑफिस प्रवास करून पाहिला होता. तुम्हीही पाहा. कुठल्या पुलाला लिफ्ट आहे, कुठे बसायला मिळतं, सगळं कळतं. जिने चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे फिजिओ शिकवतीलच. साहेबांशी आत्ताच बोला: पहिले पंधरा दिवस थोडं उशिरा येऊ द्या, आणि जमलं तर काउंटरऐवजी आतलं काम द्या. काउंटरवर रांग लागली की मध्येच उठता येत नाही, आणि तासभर एका जागी बसलं की गुडघा आखडतो. मी दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाण्याच्या कूलरपर्यंत जाऊन यायचो. दुपारी तीननंतर सूज चढायची, तेव्हा जुन्या फायलींच्या खोक्यावर पाय ठेवायचो. गुडघा बरेच महिने गरम लागतो, थोडीफार सूजही राहते. त्याला घाबरू नका. पण पोटरी दुखून सुजली, धाप लागली किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तर लगेच डॉक्टर गाठा.

व्यायामाचं एकच सांगतो. गुडघा ९० अंश वाकला का, १०० अंश वाकला का, असंच सगळे विचारतात. पाय पूर्ण सरळ होणंही तितकंच महत्त्वाचं, नाहीतर चाल लंगडीच राहते. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, तरी घेऊ नका. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. दुखतं, पण करा.

आणि तुमच्या शाखेत कमोड आहे का, ते आजच बघून घ्या. आमच्या मजल्यावर नव्हता, दरवेळी दोन मजले खाली जावं लागायचं.