मोहोळजवळ घरच्या 15 गावरान कोंबड्यांपैकी 4 दोन दिवसांत मेल्या; मान वाकडी, हिरवी हगवण. काय असेल?

मान पिळवटणं आणि हिरवट पातळ हगवण म्हणजे बहुतेक राणीखेत, आपली मानमोडी. विषाणूचा रोग आहे, लागल्यावर त्याला औषध नाही. मेडिकलमधून गोळ्या आणून पाण्यात टाकण्यात पैसे घालवू नका. आजारी पक्षी आजच वेगळे काढा. मेलेले उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लूही असाच दिसू शकतो, त्यामुळे कापून खाणं नको.

पुढच्या पिल्लांना राणीखेत होऊ नये म्हणून पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात द्या, आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही त्याच रोगाची दुसरी लस टोचून घ्या. लस बर्फातच आणायची. सोलापूरच्या उन्हात पिशवीत घालून एसटीनं आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी! बाटली उघडली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून गल्लीतल्या चार घरांनी मिळून आणा. आठवडी बाजारातली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. रोग बहुतेक वेळा तिच्याबरोबरच घरात येतो.

तुऱ्यावर, डोळ्यांभोवती फोड आले तर ती देवी, डासांमुळे पसरते. पिल्लं रक्त हगत असतील तर कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींचा रोग. त्यावर मात्र औषध चालतं, पण खुराड्यातली ओल आधी काढा. एप्रिल-मेमध्ये चोच उघडी ठेवून धापा टाकणं हे बहुतेकदा ऊनच: सावली आणि माठातलं पाणी.