व्हॅक्यूम पंपाचे तेल पांढरे पडते आणि दुपारनंतर व्हॅक्यूम लागत नाही : उत्तर

आपण लिहिले आहे की नंदुरबारला अख्खी लाल मिरची आणि मिरची पावडर पॅक करणाऱ्या यंत्रावरचा तेलाचा रोटरी व्हेन पंप दुपारनंतर पूर्ण व्हॅक्यूम देत नाही, साइट ग्लासमधले (पंपावरच्या तेल दाखवणाऱ्या काचेतले) तेल ताकासारखे पांढरट दिसते, एक्झॉस्टमधून धूर येतो आणि मेकॅनिकने सगळ्या व्हेन (पंपाच्या रोटरच्या खाचांत सरकणाऱ्या पात्या) बदलायला सांगितल्या आहेत. माझ्या मते व्हेनला हात लावण्याची वेळ अजून आलेली नाही. तेल पांढरे पडते ते पाणी मिसळल्यामुळे, आणि ते पाणी बहुधा आपल्या मालातूनच पंपात जात आहे. नव्या व्हेन बसवल्या तरी त्याच तेलात त्या चालणार असतील, तर खर्च होईल आणि तक्रार तशीच राहील.

प्रथम पंप आणि यंत्र वेगळे करून तपासावे. यंत्राची होज सोडून पंपाचे इनलेट बंद करावे, पंप अर्धा तास चालवून गरम होऊ द्यावा आणि निरपेक्ष दाब (म्हणजे पूर्ण निर्वातापासून मोजलेला दाब) दाखवणारे गेज थेट इनलेटवर लावून आकडा घ्यावा. पॅकिंग यंत्रावरचे एकटप्पी पंप चांगल्या स्थितीत साधारणपणे 0.5 ते 2 मिलिबारपर्यंत उतरतात. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा पंपाच्या माहितीपुस्तकात असतो. यंत्रावरच्या साध्या काट्याच्या गेजवरून निर्णय करू नये. ते गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत आकडा दाखवते, आणि नंदुरबार किंवा जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 200 मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे उत्तम पंपावरही काटा पाऱ्याच्या 740 मिलिमीटरच्या आसपासच थांबतो. समुद्रसपाटीचा 760 हा आकडा दिसत नाही एवढ्याच कारणाने आपल्या भागात निरोगी पंप उघडले जातात. शिवाय 2 आणि 12 मिलिबार यांतला फरक त्या काट्यावर जेमतेम 7-8 मिलिमीटरचा असतो, आणि तो डोळ्याला कळत नाही.

पंप एकटा असताना आकडा बरोबर आला, तर दोष पुढे, यंत्रात किंवा मालात आहे. चेंबर रिकामे व कोरडे ठेवून एक फेरी घ्यावी आणि लगेच माल ठेवून दुसरी घ्यावी. रिकाम्या चेंबरलाही व्हॅक्यूम अडत असेल, तर झाकणाचे गॅस्केट, होजचे क्लिप आणि व्हॉल्व्ह पाहावेत. मालासह अडत असेल, तर ओलावा हे कारण धरावे. व्हॅक्यूम हळूहळू लागतो पण शेवटी पूर्ण होतो, असे असेल तर बहुतेक वेळा इनलेट फिल्टर पावडरने भरलेला निघतो. व्हॅक्यूम लागल्यावर पंप आणि चेंबर यांच्या मधला व्हॉल्व्ह बंद करून दाब कसा चढतो हेही पाहावे: गळती असेल तर तो एकाच गतीने चढत राहतो, ओलावा असेल तर आधी भराभर चढतो आणि मग मंदावतो.

आता पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या तक्रारीचे मूळ तेथेच आहे. 40 अंश तापमानाला पाणी सुमारे 74 मिलिबार दाबालाच उकळू लागते. पथारीवरून (मिरची वाळत घालण्याच्या मोकळ्या जागेवरून) आलेली मिरची पुरती वाळलेली नसेल आणि शेडमध्येही तेवढेच तापमान असेल, तर त्या दाबाला पोहोचताच चेंबरमध्ये हवेऐवजी वाफ भरू लागते. एक ग्रॅम पाण्याची 10 मिलिबारला जवळजवळ 140 लिटर वाफ होते. पंप ती ओढतो, पण बाहेर टाकण्यासाठी दाबताना तिचे पुन्हा पाणी होते आणि ते तेलात मिसळते. मग तेलातले पाणी आतल्या आतच उकळत राहते आणि पंपाची पोहोच कमी होते. गॅस बॅलास्ट हा पंपावरचा छोटा हवेचा व्हॉल्व्ह यासाठीच असतो: दाबण्याच्या टप्प्यात तो थोडी बाहेरची हवा आत सोडतो, त्यामुळे वाफेचे पाणी होण्याआधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि वाफ हवेबरोबर निघून जाते. अंतिम व्हॅक्यूम त्यामुळे थोडा कमी लागतो, पण मिरचीच्या पॅकिंगला तेवढ्याने काही बिघडत नाही. काही पंपांत बॅलास्ट कायम चालू असतो. तेथे त्याचा छोटा फिल्टर मिरचीच्या धुळीने बुजलेला नाही ना, हे आवर्जून पाहावे.

याचा अर्थ असा की सकाळी काम सुरू करण्यापूर्वी इनलेट बंद आणि बॅलास्ट उघडा ठेवून पंप अर्धा तास चालवावा, आणि संध्याकाळी काम संपल्यावरही तसाच अर्धा तास चालवून मग बंद करावा. थंड पंपात वाफ जास्त थिजते, आणि पाणी रात्रभर आत राहिले तर गंज धरतो. या एका सवयीने जेवढे पंप वाचतात तेवढे कोणत्याही महागड्या सुट्या भागाने वाचत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सध्याचे तेल मात्र काढूनच टाकावे. पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी तळाचा प्लग किंचित सैल करावा, म्हणजे खाली बसलेले पाणी आधी निघून जाईल. मग पंप गरम करून, वीज तोडून, उरलेले तेल गरम असतानाच काढावे, हात भाजणार नाही इतपत काळजी घेऊन. नवे तेल भरून काही तास चालवावे आणि पुन्हा पांढरट दिसले तर तेही बदलावे. इंजिन ऑइल घालू नये, कारण त्यातली डिटर्जंट द्रव्ये पाणी धरून ठेवतात. मध्यम व मोठ्या पंपांना बहुधा व्हीजी 100 श्रेणीचे (व्हीजी म्हणजे तेलाच्या घट्टपणाची श्रेणी) व्हॅक्यूम पंप तेल लागते, लहानांना पातळ. निर्णय नामपट्टीवरून करावा. काढलेले तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा ठरते, ते गटारात सोडू नये.

धुराचा प्रश्न वेगळा आहे. सुरुवातीला थोडा धूर दिसणे चालते. सतत येत असेल, तर आधी तेलाची पातळी खुणेच्या वर आहे का ते पाहावे, आणि मग एक्झॉस्ट फिल्टर. तो चोंदला की मागचा दाब वाढतो, मोटर जास्त करंट घेते, तेल तापते आणि शेवटी फिल्टर फाटून तेलाचा फवारा बाहेर येतो. धुऊन पुन्हा बसवलेला फिल्टर फार दिवस टिकत नाही, नवाच घालावा.

उन्हाळ्याचाही हिशेब धरावा. बहुतेक पंप 40 अंशांपर्यंतच्या भोवतालासाठी बनवलेले असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ती मर्यादा सकाळीच ओलांडली जाते. पंप भिंतीपासून दूर, सावलीत आणि वाऱ्याच्या वाटेवर ठेवावा, मोटरच्या पंख्यावरची मिरचीची धूळ झाडत राहावी आणि तेल ठरलेल्या तासांच्या आधीच बदलावे. त्याउलट डिसेंबरातल्या थंड पहाटे घट्ट झालेल्या तेलामुळे ओव्हरलोड ट्रिप होतो. तो पंपाचा दोष नव्हे.

एवढे करूनही गरम पंप एकट्याने आकडा गाठत नसेल, किंवा सुरू होताना खटखट आवाज येऊन नंतर थांबत असेल, तर व्हेन खाचेत चिकटल्या आहेत किंवा झिजल्या आहेत असे समजून पंप उघडावा. त्याआधी मोटर बाणाच्या दिशेनेच फिरते आहे याची खात्री करावी. वायरिंगचे काम झाल्यावर फेज उलटे लागणे नवे नाही. उघडल्यावर प्रत्येक व्हेनची उंची कॅलिपरने मोजून माहितीपुस्तकातील किमान मर्यादेशी ताडावी, खाचांतला डिंकासारखा थर पूर्ण काढावा, आणि एक जरी व्हेन मर्यादेखाली असली तरी सगळा संच एकदमच बदलावा.