साताऱ्याला पहिल्यांदाच धावतोयस ना?

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला चाललायस, तर रेनकोट घरीच ठेव. यवतेश्वरचा घाट चढताना अंग तापतं आणि रेनकोटच्या आत घामानं भिजतोस ते वेगळंच. त्यापेक्षा कचऱ्याची मोठी पिशवी घे, डोक्याला नि हातांना भोकं पाड आणि सुरुवात होईपर्यंत अंगात घाल. गारठा भरतो तो ताटकळत उभं राहून. धावायला लागलास की काढ, पण कचरापेटीतच टाक, घाटात नको.

सुती टी-शर्ट अजिबात नको. पाणी पिऊन जड होतो आणि छातीला घासतो. माझ्या पहिल्या वर्षी पंधराव्या किलोमीटरला शर्टावर दोन लाल ठिपके दिसले. घरी अंघोळीला बसलो, पहिल्या तांब्यालाच ओरडलो. तेव्हा व्हॅसलिन छातीला, काखेत, मांड्यांना, पायाच्या बोटांच्या बेचक्यात लाव, कंजूषपणा करू नकोस.

चढाची धास्ती सगळ्यांनाच असते, पण पाय घसरतो तो परतीच्या उतारावर. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की साबणच. पावलं छोटी टाक, पट्टे टाळ. तहान लागेल तसं थोडं थोडं पाणी पीत जा. आणि सराव पावसातच कर. भिजलेल्या मोज्यांत पाय कुठे सोलतो ते आधीच कळलेलं बरं.

संपल्यावर फोटो मागाहून, आधी कोरडा शर्ट. थांबल्यावर पाच मिनिटांत हुडहुडी भरते. घरी आल्यावर बुटांत जुना पेपर कोंब, दोन-तीन तासांनी बदल.