पुळ्या ओल्या असतानाच दाखवा

"घामोळ्या आहेत की तसलं काही?" तिशीतल्या एका ताईंची ही शंका. नागपूरचा मे महिना, जांघेत आग झाली की आधी घामोळ्याच आठवतात. त्यांनी औषधाच्या दुकानातून खाजेचं मलम आणून लावलं होतं. अशा मलमांत बहुधा स्टेरॉइड असतं. पण हा होता जननेंद्रियाचा हर्पीस, संबंधातून पसरणाऱ्या विषाणूचा आजार. त्यावर ते लावूच नये.

घामोळ्या विखुरलेल्या असतात, गारव्यात बसतात. इथे लालसर त्वचेवर एकाच जागी मोहरीएवढ्या पाणीदार पुळ्यांचा पुंजका होता. त्याआधी तिथे मुंग्या आल्या होत्या. काही पुळ्या फुटून उथळ, दुखऱ्या जखमा झालेल्या, लघवीला आग, जांघेत गाठी, अंगात कणकण. पहिल्या खेपेला हे जोरात येतं. पुढे कधी नुसती चीर पडल्यासारखं दिसतं, म्हणून नजरेतून सुटतं.

आम्ही त्यांना त्याच दिवशी त्वचारोग विभागात पाठवलं. मेडिकल, मेयो ही इथली सरकारी रुग्णालयं, कुठेही चालेल, पण उशीर नको. काठाची एक पुळी अजून शाबूत होती. डॉक्टरांनी ती फोडून तळाचा ओला नमुना पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूच शोधणाऱ्या तपासणीसाठी, घेतला. खपली धरली की विषाणू सहजी हाती लागत नाही. तेव्हा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी निर्धास्त होऊ नका. रक्तातली आयजीजी, म्हणजे विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं, तयार व्हायला 12 आठवडेही लागतात, आणि आयजीएम या दुसऱ्या प्रतिपिंडांच्या तपासणीवर तर पैसे घालवूच नका. सोबत व्हीडीआरएल (सिफिलिससाठी) आणि एचआयव्ही तपासणी मात्र हवीच.

गोळ्या रिपोर्टआधीच सुरू झाल्या: असायक्लोव्हिर 400 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, 7 दिवस. लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये हेच औषध लाल किटमध्ये मोफत मिळतं.

खरा प्रश्न त्यांनी शेवटी, खालमानेनं विचारला. "मॅडम, यांनी बाहेर काही केलं असन का?" पुळ्यांवरून ते ठरत नाही. विषाणू दोघांपैकी कुणाच्याही अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. रिपोर्टमध्ये टाइप 1 निघाला, म्हणजे ओठांवर फोड आणणारा. तो मुखसंबंधातूनही येतो. घरी जाऊन उलटतपासणी घेण्यापेक्षा नवऱ्याला सोबत आणा, असं सांगितलं.

जखमा पूर्ण भरेपर्यंत संबंध बंद, नंतर कंडोम. त्यानं धोका कमी होतो, संपत नाही. विषाणू शरीरात राहतो, पण टाइप 1 या जागी सहसा कमी वेळा उलटतो. पुन्हा मुंग्या आल्या तर पुळीची वाट न पाहता डॉक्टरांना गाठायचं. दिवस राहिले तर पहिल्याच तपासणीत हे सांगायचं, कारण कळा सुरू होताना तिथे जखमा असतील तर बाळासाठी सिझेरियन करावं लागतं.