तेलाच्या पैशाला कायद्याचं कुलूप पुरतं का?

तुम्ही विचारलंय की, तेल सापडलेल्या गरीब देशाने तो पैसा वेगळ्या खात्यात टाकून कडक कायदा केला तर भ्रष्टाचार थांबेल का.

नाही थांबत. हे आफ्रिकेतल्या चाडमध्ये करून झालंय, तेही जागतिक बँकेच्या देखरेखीखाली. डोबाच्या तेलक्षेत्रापासून कॅमेरूनमधल्या क्रिबीच्या किनाऱ्यापर्यंत १,०७० किलोमीटरची पाइपलाइन टाकायची होती. त्यासाठी कर्ज देताना बँकेची अट होती, आधी कायदा करा. तो १९९९मध्ये झाला. पैसा आधी लंडनच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या अटी पाळल्याशिवाय पैसे काढता न येणाऱ्या खात्यात जायचा. १० टक्के पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला ठेवायचे. उरलेल्यातले ८० टक्के शिक्षण, आरोग्य, रस्ते अशा कामांना, ५ टक्के डोबा भागाला आणि १५ टक्के सरकारी खर्चाला. नऊ जणांच्या समितीने मंजुरी दिल्याशिवाय पैसा हलायचा नाही.

आता यातली भोकं बघा. कायद्याने बांधले ते फक्त रॉयल्टी (काढलेल्या तेलावरचा सरकारचा हिस्सा) आणि लाभांश, तेही कोमे, मियांदूम आणि बोलोबो या पहिल्या तीन क्षेत्रांचे. कंपन्यांच्या नफ्यावरचा कर बाहेरच राहिला. सुरुवातीला कंपन्या आपला खर्च वसूल करत असतात, कर किरकोळ येतो, म्हणून ते कोणाला खुपत नाही. खर्च वसूल झाला की खरा पैसा याच वाटेने येतो आणि सरळ तिजोरीत जातो. करार करताना मिळणारा बोनसही मोकळाच होता. २०००मध्ये अशा २.५ कोटी डॉलरपैकी सुमारे ४५ लाख शस्त्रांवर गेले, तेव्हा तेलाचा थेंबही निघाला नव्हता.

तेल २००३मध्ये सुरू झालं. २००६ उजाडेपर्यंत राष्ट्राध्यक्ष इद्रिस देबींच्या सरकारने कायदाच बदलला. पुढच्या पिढ्यांचा निधी रद्द झाला आणि सुरक्षा 'प्राधान्याच्या' यादीत आली. बँकेने कर्ज रोखलं, पुढे तडजोडही झाली. पण सप्टेंबर २००८मध्ये चाडने ६.५७ कोटी डॉलर मुदतीआधी फेडले आणि बँक बाहेर पडली.

यावर 'कायदा आणखी कडक हवा होता' असं म्हणणारे मला अजून भेटतात. मला ते साफ अमान्य आहे. बँकेचा धाक पाइपलाइन पुरी होईपर्यंतच होता. जमिनीत पुरलेली पाइपलाइन कोणी उखडून नेऊ शकत नाही, हे देबींना चांगलं ठाऊक होतं. संसद त्यांच्या मुठीत होती. मग कलमं कितीही कडक लिहा, ती बदलायला एक अधिवेशन पुरतं.

एक मात्र मान्य करायला हवं. एप्रिल २००६मध्ये बंडखोर राजधानी एनजामेनापर्यंत पोचले होते, त्यामुळे सुरक्षेचं कारण निव्वळ बनाव नव्हतं.

असा कायदा हातात आला तर टक्केवारी नंतर बघा, आधी व्याख्येचं कलम उघडा. 'तेल महसूल' यात नफ्यावरचा कर, बोनस आणि पुढे सापडणारी क्षेत्रं येतात का? दुरुस्तीला साधं बहुमत पुरतं का? आणि तपासणी समितीचा पगार कोण देतं? ज्याचे हिशेब तपासायचे त्याच अर्थखात्यातून तो येत असेल, तर त्या समितीच्या सहीवर विसंबू नका.