फुलं गळतात, पानं आकसतात… मिरचीचं करायचं काय?

प्रश्न : नमस्कार, मी भुसावळची. गच्चीवर सहा कुंड्यांत मिरची लावलीय, फेब्रुवारीत मस्त होती, आता मे लागला आणि फुलं येतात अन् दोन दिवसांत गळून पडतात. वर पानंही वाकडीतिकडी झालीत. शेजारच्या काकू म्हणे युरिया टाक, दोनदा टाकला, झाड हिरवंगार झालं पण मिरची एक नाही!

उत्तर : ताई, आधी तो युरिया बंद करा. त्यातलं नत्र जास्त झालं की झाड नुसतं पानांवर जातं, फुलाफळाकडे बघत पण नाही. फुलं गळतात ती मात्र उन्हानं. दिवसा ३५ अंशांच्या वर गेलं की मिरचीचं फूल टिकत नाही, परागच नीट काम करत नाहीत, आणि आपल्याकडे तर मे महिन्यात ४४-४५ सहज होतं, त्यात गच्चीचा स्लॅब रात्रीपण गरम, म्हणजे झाडाला रात्रीचाही आराम नाही. कुंड्या खाली विटांवर ठेवा, वर ५० टक्क्यांचं ग्रीन नेट बांधा, सकाळी लवकर भरपूर पाणी घाला. तरी मे-भर फार अपेक्षा ठेवू नका, खरं सांगते. जून लागला की शेंडे हलके छाटा, पाऊस पडला की नवीन फुटवा येईल, मग बघा.

आता पानांचं. पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलंय की खाली? वर वळलं तर बहुतेक थ्रिप्स, म्हणजे बारीक फुलकिडे, खाली वळलं तर कोळी, जाळं विणणारा नाही हां, पानाचा रस शोषणारी बारीकशी कीड. दोन्हीला पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा आणि आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, थोडा साबण घालून, संध्याकाळी, उन्हात नाही हां, पानं करपतात. पण पानं बारीक, पिवळट, झाड खुरटलं, झुपका झाला असेल तर तो चुरडामुरडा, पांढऱ्या माशीनं पसरणारा व्हायरस, त्याला औषध नाही. जीव जड होतो पण ते झाड उपटा, नाहीतर बाकी पाचही जातील.

प्रश्न : नंदुरबारहून वाळलेली लाल मिरची आणली, तिचंच बी लावलं तर?

उत्तर : उगवेल की, पथारीवर, म्हणजे मिरची पसरून वाळवायच्या मोकळ्या जागेवर, उन्हात वाळलेली असते ती. फक्त मिरची हायब्रीड असली तर पोरं आईबापासारखी निघतीलच असं नाही, चार झाडं चार तऱ्हेची. आणि तिखट बियांत असतं हा गैरसमज काढा, ते आतल्या पांढऱ्या शिरेत असतं. ठेचा कमी तिखट हवा असेल तर ती शीर काढून टाका, पण मग त्याला ठेचा म्हणायचं का ते घरच्यांना विचारा!