चिनी शब्दकोश घेताना आधी 'ता' उघडून पाहा

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन महिन्यांपासून ती संध्याकाळच्या वर्गात चिनी भाषा शिकते. पुढे चाकणकडच्या एखाद्या चिनी कंपनीत काम करायचं तिच्या मनात आहे. माझ्या दिरांनी हौसेनं अप्पा बळवंत चौकातून एक जाडजूड जुना चिनी-इंग्रजी कोश आणून दिला. त्यावर मॅथ्यूज असं नाव आहे. पण तिला त्यात काहीच सापडत नाही. 'बी' अक्षराची पानंच नाहीत म्हणते! वर्गात कोणी नवा महागडा कोश घ्या म्हणतं, कोणी मोबाइलवर सगळं फुकट आहे म्हणतं. काय घेऊन द्यावं?
– एक आई, तळेगाव दाभाडे

उत्तर : ताई, तुमच्या दिरांना रागावू नका आणि दुकानदारालाही नको. कोश पूर्ण आहे. त्यात 'बी' नाही, 'डी' नाही, 'जी'सुद्धा नाही, आणि ते बरोबरच आहे.

मॅथ्यूज हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे, चीनमध्ये काम करणारे मिशनरी. त्यांचा हा कोश 1931 साली शांघायला निघाला. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची आजची सरकारमान्य पद्धत म्हणजे पिनयिन. ती 1958 ची. मॅथ्यूज यांनी तिच्या आधीची वेड-जाइल्स पद्धत वापरली. वर्गात तुमची मुलगी ज्याला 'बी'नं सुरू होणारा शब्द म्हणून शिकते, तो या कोशात 'पी'मध्ये असतो, आणि 'पी'पुढे वर एक टिंबवजा खूण असली की तो वेगळा, हकारयुक्त उच्चार.

इथे आपल्याला एक गंमत मिळते, ती इंग्रजांना मिळत नाही. चिनीतला पिनयिन 'बी' म्हणजे खरं तर आपला 'प', आणि 'पी' म्हणजे आपला 'फ', तोही ओठांचा, 'फळ'मधला. तसंच 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ, 'जी' म्हणजे क आणि 'के' म्हणजे ख. पिनयिनचा 'झेड' म्हणजे 'चांगला'मधला च, आणि 'जे' म्हणजे 'चिमणी'मधला च. इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत हे समजावताना दोन-दोन पानं खर्ची पडतात. मराठी मुलीला ते घरबसल्या येतं, फक्त कोणी सांगितलं पाहिजे. तिला कोशाच्या पहिल्या पानावर ही जोडी पेन्सिलनं लिहून ठेवायला सांगा.

त्या जुन्या कोशाची दुसरी अडचण अक्षरांची. चीनमध्ये अक्षरं सोपी करण्याची योजना 1956 मध्ये आली. त्याआधीचा कोश म्हणजे सगळी जुनी, भरगच्च अक्षरं. आई या अर्थाचं अक्षर घ्या. डावीकडे 'स्त्री', उजवीकडे 'घोडा'. स्त्री अर्थ सांगते, घोडा उच्चार सांगतो (दोन्हींचा उच्चार 'मा', सूर वेगळे; सूर म्हणजे आवाजाचा चढउतार, तो बदलला की चिनीत अर्थही बदलतो). आजच्या अक्षरात घोडा तीन रेघांत संपतो, जुन्यात दहा रेघा लागतात. ज्या अक्षराचा उच्चार माहीत नाही ते कोशात शोधायचं म्हणजे आधी त्यातला मुख्य भाग ओळखायचा, मग उरलेल्या रेघा मोजायच्या. आता विचार करा, वर्गात तीन रेघा शिकलेली मुलगी घरी येऊन दहा रेघांच्या रांगेत शोधणार कशी?

नव्या कोशाकडे वळू. दुकानात गेलात तर किंमत, जाडी आणि 'इतके लाख शब्द' हे आधी बघू नका. 'डी-ए' उघडा, म्हणजे 'ता', तिसऱ्या सुरातला. त्याचा पहिला अर्थ 'मारणे'. पण चिनी माणूस फोन 'ता' करतो, टॅक्सी 'ता' करतो, बास्केटबॉल खेळतो तोही 'ता', स्वेटर विणायचा तोही 'ता', टायपिंग करायचं तेही 'ता', विहिरीतून पाणी काढायचं तेही 'ता'. इंग्रजीतून शिकणारा इथे डोकं धरतो. आपण नाही धरत. आपण हाक मारतो, गप्पा मारतो, गाठ मारतो, शिक्का मारतो, बुडी मारतो आणि बाजारात एक चक्करही मारतो. यात कोणालाच इजा होत नाही. जो कोश 'ता'खाली हे सगळे वापर वेगवेगळे मांडतो, प्रत्येकाला छोटं वाक्य देतो आणि त्या वाक्याखाली पिनयिनही देतो, तो घ्या. नुसतं 'हिट, स्ट्राइक, बीट' लिहून मोकळा होणारा ठेवून द्या.

पिनयिनचा मुद्दा मी मुद्दाम काढला. चीनमध्ये छापलेले बरेच चिनी-इंग्रजी कोश हे इंग्रजी लिहू पाहणाऱ्या चिनी माणसांसाठी असतात. त्यांना आपल्या भाषेचा उच्चार सांगायची गरज नसते, म्हणून उदाहरणवाक्यं नुसत्या अक्षरांत. तुमच्या मुलीला ती भिंतीसारखी वाटतील. परक्या शिकणाऱ्यासाठी केलेला कोश हवा. त्यात 1996 साली हवाई विद्यापीठानं काढलेला जॉन डीफ्रान्सिस यांचा एबीसी कोश मला आवडतो. तो अक्षरांच्या नव्हे, पूर्ण शब्दाच्या पिनयिन क्रमानं लावलाय. कानावर शब्द पडला की अक्षर माहीत नसलं तरी सापडतो.

आणखी एक चाचणी नामांची. आपण केळ्यांची फणी म्हणतो, कागदाचा ताव म्हणतो. चिनीत जवळजवळ प्रत्येक मोजदादीला असा शब्द लागतो. पुस्तकाला एक, वाहनाला दुसरा, यंत्राला तिसरा, तर कागद, तिकीट, टेबल अशा सपाट वस्तूंना सगळ्यांना मिळून एक. कारखान्यात 'दोन यंत्रं' म्हणताना हा शब्द गाळला की लगेच कळतं. नामापुढे तो न देणारा कोश बी.कॉम.च्या मुलीच्या कामाचा नाही.

आता मोबाइलचं. माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या वर्षी पैसे खर्च करू नका. प्लेको हे ॲप घ्या. त्याचा मूळ कोश फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालतो. सीसी-सीईडिक्ट हा 1997 पासून स्वयंसेवकांनी वाढवत नेलेला कोशही त्यात घालता येतो. त्यात कितीतरी नामांपुढे मोजणीचे शब्द दिलेले असतात, पण उदाहरणवाक्यं नसतात. न येणारं अक्षर फोनवर बोटानं काढून शोधता येतं, रेघा मोजत बसावं लागत नाही. तोटा एवढाच की जे दोन सेकंदांत सापडतं ते दोन सेकंदांतच विसरतं. म्हणून माझी अट: एकच शब्द तिसऱ्यांदा शोधावा लागला तर तो हातानं वहीत लिहायचा. सूर, मोजणीचा शब्द, एक वाक्य आणि शेजारी मराठी अर्थ.

मराठी अर्थ का, तर इंग्रजी मध्ये आली की काही गोष्टी गळतात. इंग्रजी कोश काका, मामा, आत्याचा नवरा या तिघांनाही 'अंकल' म्हणून उडवून लावतो. चिनीत या तिघांना वेगळे शब्द आहेत. इतकंच नव्हे, वडिलांचा थोरला भाऊ निराळा आणि धाकटा निराळा. आत्या 'कूकू', मावशी निराळी. वहीत 'अंकल' लिहिणारी मुलगी पुढे चुकणार, 'मामा' लिहिणारी नाही.

आणि इंग्रजीतून चिनीकडे जाताना दुप्पट सावध. मी शिकत होतो तेव्हा एका पुरवठादाराला मेल लिहिताना 'ऑर्डर' शब्द कोशात पाहिला आणि पहिलाच उचलला. तो होता 'मिंगलिंग', म्हणजे हुकूम. मालाच्या ऑर्डरला 'तिंगतान' म्हणतात. समोरच्यानं अत्यंत नम्रपणे उत्तर दिलं, 'आपला हुकूम पोचला.' तेव्हापासून इंग्रजी-चिनी बाजूला मिळालेला प्रत्येक शब्द चिनी-इंग्रजी बाजूला उलटा तपासतो.

नोकरीबद्दल थोडक्यात. चाकणला सानी, रांजणगावला हायर अशा चिनी कंपन्या आहेत आणि दुभाष्यांची गरज पडते. पण 2020 मध्ये शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी सरकारी मंजुरी सक्तीची झाली, आणि ही मागणी दिल्ली-बीजिंग संबंधांबरोबर वर-खाली होते. म्हणून बी.कॉम. नीट पूर्ण होऊ द्या आणि चिनी त्याच्या जोडीला राहू द्या. एचएसके म्हणजे परदेशी शिकणाऱ्यांसाठीची चीनची भाषा-परीक्षा. तिच्या जुन्या सहा पातळ्यांतली चौथी, म्हणजे साधारण 1200 शब्द, पार केली की मग छापील एबीसी कोश घेऊन द्या. तोवर तिला स्वतःलाच कळेल की आपला हात कुठे अडतो.

दिरांचा कोश रद्दीत देऊ नका. कधी जुनी चिनी पुस्तकं वाचावीशी वाटली तर तोच कामाला येईल. आज संध्याकाळी तिला त्यात 'बीजिंग' शोधायला सांगा, पण 'पी'मध्ये. 'पेइ' म्हणजे उत्तर दिशा. सुदैवानं त्या नावातली दोन्ही अक्षरं सोपी करताना बदललेली नाहीत.